काच बसवण्याआधी

मी चौकटी करतो. अक्रोडाच्या, ओकच्या,
परवडत नसेल तर साध्या देवदाराच्या.
मला चित्रातलं कळत नाही, चित्राच्या कडा कळतात.
म्हणून मझेविनारने बोलावलं तेव्हा
मी फक्त टेप घेऊन गेलो.

लांबून: एक बाई. डोक्याला रुमाल,
भट्टीसमोर उभं राहून राहून बारीक झालेले डोळे.
दोन पावलं पुढे गेलो तर बाई विरघळली,
कागदावर मुंग्यांची रांग.
आणखी एक पाऊल, आणि मुंग्या वाचता येऊ लागल्या.
'त्सिउरी नर्स, तीन रोट्या.
गोचाची विधवा, एक. पोराला ताप, अर्धी वर दिली.
चौथ्या मजल्यावरचे मास्तर, दोन. नाव लिहू नको म्हणाले.'

तिच्या आईची उधारीची वही.
त्या हिवाळ्यातली, जेव्हा कुतायसीत वीज
घाईतल्या पाहुण्यासारखी यायची,
बूट न काढताच जायची.

मझेविनारने अख्खी वही उतरवली,
सुईच्या टोकाएवढ्या निबाने, अकरा महिने,
आईच्याच वळणात:
ओळ उजवीकडे चढत जाणारी, शेपट्या लांब.
म्हणाली, आता माझी सहीसुद्धा आईची येते,
बँकेतून परत पाठवतात.

पैसे आले की आई आडवी रेघ मारायची.
त्या रेघांचे झाले केस, भुवया,
रुमालाच्या घडीतला काळोख.
ज्यांनी दिलेच नाहीत ते खोडलेले नाहीत,
ते विरळ, उजळ:
कपाळ, गाल, नाकाचा शेंडा.
'म्हणजे उजेड सगळा बुडीत खात्यातला,' मी म्हणालो.
ती हसली नाही. निब पुसत राहिली.

काच दुपारी आली.
मी ती वर्तमानपत्राने घासत होतो
तेव्हा जिना चढून वारलाम आला, तीनदा थांबून.
खाली न्हाव्याकडे कुणीतरी त्याला सांगितलं होतं,
तू गालावर आहेस.
भिंग घेऊन आला होता. खुर्ची दिली तर नको म्हणाला.
बऱ्याच वेळाने त्याचं बोट थांबलं, कागदाला न टेकता.
'वारलाम, ट्रॉलीबसवाला, सहा. मंगळवारी देतो म्हणाला.'

'कुठला मंगळवार ते लिहिलेलं नाही,' तो म्हणाला,
आणि कोटाच्या आतल्या खिशातून
दोऱ्याने बांधलेली चळत काढली.
कुपोन. त्या सालातले.
आता त्यांत कुणी सूर्यफुलाच्या बियासुद्धा बांधून देत नाही.
इस्त्री केली होती त्याने.

'घे. आणि खोड.'
'खोडलं तर गालावर डाग पडेल, काका.'
'डाग माझ्यावर आहे, पोरी.'

तिने टाक त्याच्याच हातात दिला.
हात कापत होता. रेघ निघाली वारलामवरून,
पण थांबेचना.
नर्सवरून गेली, विधवेवरून, तापल्या पोरावरून,
नाव नसलेल्या मास्तरांना मधोमध चिरत
जबड्याशी जाऊन टेकली.

मला वाटलं, आता ही ओरडणार.
अकरा महिने.
ती दारापर्यंत मागे गेली, मान कलती करून बघत राहिली.
मी पण बघितलं. बाई जरा थकलेली दिसत होती,
इतकंच. मला चेहऱ्यातलंही कळत नाही.
'आई असती,' ती म्हणाली,
'तर त्या तिघांचेही याच्याकडूनच वसूल केले असते.'

मग तिने नोटा मोजल्या. बोटाला थुंकी लावून, दोनदा.
एका रोटीचे कमी होते.

तिने टाक बुडवला. हनुवटीखाली,
जिथे थोडी जागा उरली होती, तिथे लिहिलं:
'वारलाम. बाकी एक. मंगळवारी.'

म्हाताऱ्याने भिंग लावून वाचलं,
'बरोबर,' म्हणाला, टोपी घातली
आणि कठडा धरत खाली गेला.

मी आणखी थोडा वेळ शाई वाळू दिली.
मग काच बसवली. मापात होती.